चिंगी कोण गं?

निखिल, तू मला त्या साइटवरचे लोकांचे भुताखेतांचे अनुभव वाचून दाखवलेस आणि म्हणालास, "आजी, तुझ्याकडे असं काही असेल तर लिही ना." मी हसून विषय बदलला. माझ्याकडे असं काही असणार नाही, हे तुम्हा दोघा भावंडांना माहीत आहे. माझ्या कपाटातल्या डब्यांवर नावं असतात, चादरींच्या घड्या एका मापाच्या असतात. देवपूजा मी केली ती सवयीने. भूत, बाधा, करणी यांवर माझा विश्वास कधीच नव्हता आणि आज हे लिहितानाही नाही. बी.ए.ला मी तत्त्वज्ञान घेतलं होतं, त्यात मानसशास्त्राचा एक पेपर असे. जे इतरांना भूत वाटतं त्याला पुस्तकात साधं नाव असतं, हे मी तिथे शिकले आणि ते मला फार आवडलं.

तरीही लिहिते आहे, ते ईरासाठी. ईरा, मागच्या महिन्यात तू फोनवर म्हणालीस, "आजी, मी बाल्कनीचं दार बंदच ठेवते. बाळाला घेऊन तिकडे जातच नाही." मग थोडं थांबून म्हणालीस, "समीर विचारतो का, तर मी थंडीचं कारण सांगते." आणि मी काय विचारलं? "खूप थंडी आहे का गं तिकडे?" तू "हो" म्हणालीस. फोन ठेवला आणि मी तशीच बसून राहिले. तुझं वाक्य मला पूर्ण कळलं होतं. तेच वाक्य मी एकदा गिरगावात बोलले होते. पण लाजेची सवय इतकी जुनी आहे, की तोंडातून थंडीच निघाली.

तर ऐक.

माझं माहेर परळचं. वडील गिरणीच्या ऑफिसात हेडक्लार्क. मी कॉलेजात असतानाच आई गेली, मग वर्षभरात वडील. दादा-वहिनीने लग्न करून दिलं. सासर गिरगावात, ठाकूरद्वारच्या बाजूला एका गल्लीत, चाळीचा तिसरा मजला. दोन खोल्या, पुढे सामाईक गॅलरी, गॅलरीला लाकडी कठडा आणि कठड्याखाली सरळ गल्ली. घरात मामंजी म्हणजे माझे सासरे, सासूबाई, तुमचे आजोबा आणि मी. सासूबाईंना सगळे माई म्हणत. माई डाव्या कानाने ठार बहिऱ्या, उजव्याने जेमतेम. "माई, दूध उतू जातंय" म्हटलं की "कोण भूत जातंय?" म्हणायच्या. मग चाळ हसायची आणि त्याही हसायच्या.

लग्नात आमच्याकडे मुलीचं नाव बदलत. ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने नवीन नाव लिहायचं. माझं माहेरचं नाव कुमुदिनी, ते तांदळात वसुधा झालं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट बरंच वाटलं, कारण त्याबरोबर माझं तिसरं एक नाव कायमचं पुसलं जाणार होतं. घरी आणि परळच्या आमच्या चाळीत मला सगळे चिंगी म्हणत. खेळायला बोलावताना पोरी खालून सूर लावून ओरडत – "चिंगीऽऽ". बी.ए. झालेल्या मुलीला हे नाव किती लाजिरवाणं वाटत असेल, बघ. लग्नाआधी मी दादाला बजावलं होतं, "सासरी चुकूनही चिंगी म्हणायचं नाही." बिचारा दादा, माझ्या सासरी आला की मला 'कुमुदताई' म्हणायचा, मी धाकटी असून.

ती वर्षं संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची. गिरगावात दिवसभर काही ना काही चालू असे. कधी सभा, कधी मोर्चा, कधी पोलिसांची गाडी आली म्हणून धावाधाव. तुमचे आजोबा ऑफिस सुटलं की थेट सभेला जात. माई चष्मा लावून पेपर मोठ्याने वाचत आणि पुढाऱ्यांना घरातल्या मुलांसारखी नावं ठेवत. अशात तुमच्या बाबाचा जन्म झाला. माहेरी आई नसल्याने बाळंतपण सासरीच झालं.

पुढचं लिहायला मला अजूनही जड जातं.

मला बाळाबद्दल काहीच वाटेना. सगळं वेळच्या वेळी करत होते. अंघोळ, शेक, धुरी, पाजणं. लंगोट आणि दुपटी इस्त्री केल्यासारखी घडी घालून ठेवायचे. बायका म्हणायच्या, "माई, सून किती व्यवस्थित हो तुमची." आणि मला आतून वाटायचं, हे मूल दुसऱ्या कोणाचं तरी आहे, ती बाई येईल आणि घेऊन जाईल, तोवर मी नीट सांभाळायचं. झोप उडाली होती. बाळ निजलं तरी मी जागी.

आणि कठडा. एके दिवशी बाळाला खांद्यावर घेऊन गॅलरीत उभी होते, खाली बोहारीण भांडी मांडून बसली होती. अचानक मनात आलं... हात सैल सोडले तर. इतकंच. मी तशीच आत आले, दार लावलं आणि दाराला पाठ लावून खाली बसले. त्यानंतर बाळाला घेऊन मी गॅलरीत गेले नाही. माईंनी विचारलं तर सांगायचे, "ऊन लागतं बाळाला." संध्याकाळी विचारलं तर, "वारा आहे." यांना, म्हणजे तुमच्या आजोबांना, एकदा म्हणाले, "मला बरं वाटत नाही हो." ते म्हणाले, "थकली आहेस." दुसऱ्या दिवशी टॉनिकची बाटली घेऊन आले. माणूस चांगला होता. पण त्यांना मी जे सांगितलं त्याचंच औषध ते आणणार ना.

हाक पहिल्यांदा आली ती भर दुपारी. गल्लीत कल्हईवाला ओरडत होता, शेजारी पाटा-वरवंटा चालू होता. त्या गोंधळातून स्पष्ट – "चिंगीऽऽ". अगदी परळच्या सुरात. आमच्याच कठड्याच्या बरोबर खालून. मला वाटलं दादाच माहेरच्या कोणा पोरीला घेऊन आला. रागच आला त्याचा. बाळाला पाळण्यात ठेवून मी वाकून बघितलं. खाली ओळखीचं कोणी नव्हतं.

मग ती रोज यायला लागली. दुपारी, माई लवंडल्या की. आवाज मुलीचा होता, पण आमच्या चाळीतल्या कुठल्या मैत्रिणीचा ते सांगता येत नसे. माई नेहमी सांगत, भरदुपारी अनोळखी हाक आली तर तिसऱ्यांदा मारल्याशिवाय ओ द्यायची नाही, भूत तीनदा हाक मारत नाही. मी मनात हसायचे. मला भुताची भीती नव्हतीच. मला पुस्तकातला शब्द माहीत होता – हॅल्युसिनेशन. स्वतःच्या नावाची हाक ऐकू येणं हा अगदी साधा भास, दमलेल्या कोणालाही होतो, असं आमचे प्राध्यापक सांगत. पण रोज? ठरावीक वेळी? ज्या शिक्षणाचा मला अभिमान होता, त्यानेच मला सांगितलं की तू वेडी होते आहेस. भूत परवडलं असतं. भुताची लाज वाटत नाही.

मी पकडले गेले ते अशी. मोर्चाची तयारी म्हणून आमच्या खोलीत बायका झेंडे शिवत बसल्या होत्या. बोलणं जोरात चाललं होतं. हाक आली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ओऽ!" चांगलं खणखणीत. सगळ्या थांबल्या.

"कोणी बोलावलं गं तुला?" एकीने विचारलं.

"कोणी नाही," मी म्हणाले.

"मग ओ कोणाला दिलीस?"

मी मान खाली घालून झेंड्याची शिवण उसवत बसले. एक बाई हळू आवाजात म्हणाली, "माई, ओली बाळंतीण आहे. बाहेरचं काही नाही ना?"

माईंना ऐकू गेलं नाही, म्हणून तिने तेच ओरडून सांगितलं. मग ते आख्ख्या मजल्याला कळलं.

त्या दिवशी मीठ-मोहऱ्या उतरून झाल्या. कोणी अंगारा आणून दिला. माझ्या कपाळाला लावताना माई म्हणाल्या, "मला ह्यातलं काही कळत नाही हो, पण लावलेला बरा." माझ्यात काडीचा फरक पडला नाही. शेवटी मामंजींनी मला समोर बोलावलं. ते कधी आवाज चढवत नसत. म्हणाले, "वसुधा, काही दिवस परळला भावाकडे जाऊन राहा. विश्रांती मिळेल. बाळाला वरचं दूध लावू, इथे माई आहेत. ह्या अवस्थेत त्याला तुझ्यापाशी ठेवणं..." पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं.

किती दिवसांसाठी, ते कोणी सांगितलं नाही. काही बायका अशाच माहेरी जात आणि मग त्यांचं नाव घरात निघेनासं होई, हे मला माहीत होतं. आणि मी, ईरा, मी "बरं" म्हणाले. तुझ्या बाबाला सोडून जायला मी बरं म्हणाले. कारण मला सुटल्यासारखं वाटलं. आता माझ्या हातून काही होणार नाही, असं वाटलं.

दादा न्यायला येणार होता त्याच दिवशी हरताळ पडला. ट्राम बंद, बस बंद, दुकानं बंद. पुरुष नाक्यावर निघून गेले होते. गिरगावात इतकी शांतता मी आधी कधी ऐकली नव्हती. कल्हईवाला नाही, बोहारीण नाही. नळाचं पाणी मोरीत ठिबकलेलं ऐकू येत होतं. माझी ट्रंक भरून दाराशी ठेवलेली होती. बाळ पाळण्यात. मी हाकेची वाट बघत बसले होते, कारण तिची वेळ झाली होती.

हाक आली नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच काही ऐकू आलं नाही.

माई आतल्या खोलीत आडव्या झाल्या होत्या. त्या उठून बाहेर आल्या, पदर सावरत, कपाळाला आठ्या घालून.

"चिंगी कोण गं?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

"काय म्हणालात?"

"चिंगी, चिंगी. खालून कोणीतरी केव्हाचं बोंबलतंय. आपल्या चाळीत कुठून आली चिंगी?" उजवा कान दाराकडे करून त्या थांबल्या. "हे बघ, परत. एवढा हरताळ आहे तरी कार्टीला चैन नाही."

मी कान देऊन ऐकलं. मोरीतलं पाणी ठिबकत होतं, एवढंच.

"मला नाही माहीत," मी म्हणाले.

"पोरीचा आवाज आहे. आपल्याच खाली उभी आहे."

मला रडू फुटलं. म्हणाले, "माई, ती मी."

"कोण?"

"चिंगी. मी."

"मोठ्याने बोल गं, काय पुटपुटतेस?"

"मी चिंगी!" मी ओरडले. "माझं नाव आहे ते! माहेरचं! मी चिंगी!"

त्या शांततेत ते तिन्ही मजल्यांना ऐकू गेलं असणार. शेजारची दारं उघडल्याचे आवाज आले. मला वाटलं, आता धरणी दुभंगली तर बरं. पण माई तशाच उभ्या होत्या, पुढचं काहीतरी ऐकायचं आहे अशा. मग मी उठले, त्यांच्या उजव्या कानाला तोंड लावलं आणि हळूच सांगितलं. बाळाला घेऊन मी कठड्याशी का जात नाही ते. हात सैल सोडीन असं वाटतं ते.

माई किंचाळतील, बाळाला उचलून आत नेतील, असं मला वाटलं होतं.

"रोज वाटतं?" त्यांनी विचारलं.

"रोज."

"आणि रोज तू आत येऊन बसतेस?"

"हो."

"हं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी पाळण्यातून बाळाला उचललं आणि माझ्या हातात दिलं. माझ्या पदराचं टोक स्वतःच्या मनगटाला दोन वेढे देऊन गुंडाळलं, दुसरा हात बाळाच्या पाठीखाली धरला. "चल."

आम्ही गॅलरीत गेलो. गल्ली मोकळी होती. समोरच्या चाळीवर काळी निशाणं लटकत होती, खाली एक कुत्रं निजलं होतं. माणूस एक नाही. माईंनी वाकून खाली बघितलं आणि भांडी घासणाऱ्या बाईला सांगावं तशा आवाजात ओ दिली.

"ओऽऽ! चिंगी इथे आहे गं. बाळाला घेऊन उभी आहे. तिला वेळ नाही. काय काम असेल ते मला सांग."

त्या थोडं थांबल्या, कान देऊन.

"गेली वाटतं," त्या म्हणाल्या. "आणि हे बघ, आता तुझ्या नावाने कोणी हाक मारली तर ओ मी देईन. तू पोराकडे बघ."

दुसऱ्या दिवशी ट्राम सुरू झाली आणि दादा आला. माईंनी दारातच त्याला सांगितलं, "चिंगी येणार नाही." दादाचा चेहरा असा झाला, की मला आजही हसू येतं. "तूच सांगितलंस ना त्यांना?" तो मला कानात म्हणाला. मामंजी म्हणाले, "अगं, पण आपलं ठरलं होतं..." माई म्हणाल्या, "काय? मोठ्याने बोला, ऐकू येत नाही मला." मामंजी दोनदा मोठ्याने बोलले. तेही त्यांना ऐकू गेलं नाही. ट्रंक पुन्हा पलंगाखाली गेली.

जादूसारखं काही झालं नाही, हे नीट लक्षात घे. माईंनी मला जवळच्याच एका लेडी डॉक्टरकडे नेलं, आणि मी कानात सांगितलेलं सगळं मला तिच्यापुढे पुन्हा सांगायला लावलं. बरं वाटायला पुष्कळ महिने गेले. त्या महिन्यांत माईंनी मला बाळाबरोबर एकटं ठेवलं नाही, आणि मला बाळापासून दूरही ठेवलं नाही. रोज संध्याकाळी पदर मनगटाला गुंडाळून आम्ही कठड्याशी उभ्या राहायचो. चाळीतल्या बायका म्हणत, "काय सासू-सुनेचं प्रेम." एके दिवशी बाळ माझ्याकडे बघून हसलं आणि मला ते माझं वाटलं. माईंनी तेव्हा पदर सोडला.

हाक मला पुन्हा कधी आली नाही.

पण माईंना येत असे. पुढे कितीतरी वर्षं. तांदूळ निवडता निवडता मध्येच मान वर करून म्हणायच्या, "ओ... आले, आले." किंवा "थांब गं, हात भरलेत माझे." कधीच दचकल्या नाहीत. पाहुणे एकमेकांकडे बघत, तुमचा बाबा मोठा झाल्यावर त्यांची नक्कल करी. लोक म्हणायला लागले, म्हातारीचं डोकं चळलं. मी एकदा सगळ्यांसमोर सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी मला डोळ्यांनी गप्प केलं. मग आतल्या खोलीत म्हणाल्या, "मला काय होतंय? माझं वय झालं. मला म्हणू देत." मी गप्प राहिले. त्यांनी सांगितलं म्हणून, आणि मला सोयीचं होतं म्हणूनही. लाज वाटते ती ह्याची. आजाराची लाज हल्ली जरा कमी झाली आहे.

त्यांच्या शेवटच्या दिवसांत मी विचारलं, "माई, तुम्हाला त्या दिवशी खरंच ऐकू आलं होतं का?" माझा अंदाज होता की मी झोपेत काही बरळले असेन, त्यावरून त्यांनी युक्ती केली. त्यांनी माझ्याकडे रागाने बघितलं. "मग ओ काय उगीच दिली?" म्हणाल्या.

मी व्यवस्थित विचार करणारी बाई आहे, म्हणून सगळ्या शक्यता तपासल्या आहेत. दादाने कोणाला सांगितलं नव्हतं, त्याने शेवटपर्यंत शपथेवर सांगितलं. मी झोपेत बरळले असेन तर शेजारी निजणारे तुमचे आजोबा कधी तरी बोलले असते. आणि जिला जागेपणी बोललेलं ऐकू येत नव्हतं तिला झोपेतलं कसं ऐकू आलं? शेजारच्या बायकांना त्या शांत दुपारी एकच आवाज ऐकू आला होता, माझा. एका माणसाचा भास दुसऱ्याला होऊ शकतो असं पुस्तकात आहे. पण तो पहिल्याकडून निघून दुसऱ्याकडे कायमचा राहायला जातो, असं मी कुठे वाचलेलं नाही. मला खुलासा सापडलेला नाही आणि आता सापडेल असं वाटत नाही. निखिल, हवं तर तुझ्या साइटवर टाक. नाव बदलू नकोस, चिंगीच ठेव.

ईरा, तू ज्या डॉक्टरकडे जाणार आहेस असं म्हणालीस तिच्याकडे जाच, आणि तिला बाल्कनीबद्दल सांग, थंडीबद्दल नको. पण त्याआधी मला फोन कर आणि ते वाक्य पुन्हा म्हण. मी या वेळी दुसरं काही विचारणार नाही. फक्त माझ्या कानाला आता यंत्र आहे आणि ते फोनवर नीट चालत नाही, तेव्हा मोठ्याने बोलावं लागेल. तुझ्या शेजाऱ्यांना ऐकू गेलं तर जाऊ दे.